अर्धी गिरकी

कंपनी विकली गेल्याचं नोर्लेलाला कळलं ते कॅन्टीनमध्ये, नासी लेमाकच्या नारळभाताचा घास तोंडात असताना. मालक खू साहेबांचं सोनं झालं, असं जो तो म्हणत होता. झालं तर होऊ दे बापडं! तिला काळजी स्वतःची. मलेशियातल्या पिनांगच्या त्या कारखान्यात ती तान्ह्या बाळांच्या हृदयात घालायच्या, शेवयांइतक्या बारीक नळ्या जोडायची. नवरा गेलेला, दोन मुली शिकणाऱ्या. हे काम गेलं तर या वयात कोण दारात उभं करणार?

"काही बदलणार नाही," मॅनेजर फौझी म्हणाला. असं कुणी आपणहून सांगितलं की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि युनी आली. नव्या मालकांचा दुसरा कारखाना इंडोनेशियातल्या बाताम बेटावर, तिथली ही पोर. पांढऱ्या झग्यातून आणि मास्कमधून नुसते डोळे दिसत होते, तेही हसरे. "ताई, तुमचं काम शिकायला पाठवलंय मला."

नोर्लेलाने शेजारचं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"शिकव, शिकव!" शेजारची सू एंग कुजबुजली. "ती शिकली की तुला नारळ. पाड स्वतःच्या पायावर धोंडा!"

नोर्लेलाने सगळं शिकवलं, एक गोष्ट सोडून. दिव्याखाली गोंद सुकवताना नळीला बोटांनी अर्धी गिरकी द्यावी लागते, नाहीतर आत बुडबुडा राहतो. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, जुन्या बायकांकडून आलेलं. युनी वाकून बघू लागली की नोर्लेला खांदा आडवा घालायची. कुणी पाहिलं तर?

युनीच्या नळ्या तपासणीत नापास होत राहिल्या. "माझ्या हातांना काय झालंय, ताई?" ती रडकुंडीला आली.

"येईल गं सवयीने," नोर्लेला म्हणाली. तिला स्वतःचीच भीती वाटली.

शेवटी फौझीने सगळ्यांना बोलावलं. "बातामला हे जमत नाही, आणि इथे करणं नव्या मालकांना परवडत नाही. खप तो केवढासा! बाळांची नळी बंद. तुम्ही सगळ्या मोठ्या नळ्यांवर. नोकऱ्या शाबूत!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. नोर्लेलानेही पिटल्या, मग तिचे हात मधेच थांबले.

"आणि बाळांना काय घालणार?"

"बघेल कुणीतरी," फौझी म्हणाला.

युनीला घेतलं होतं ते याच कामासाठी, त्यामुळे तिची नोकरी गेली. निघताना फाटकाशी तिने रीतीप्रमाणे नोर्लेलाचा हात कपाळाला लावला. "चुकलंमाकलं माफ करा, ताई. तुम्ही जीव तोडून शिकवलंत. मीच धांदरट."

तुझी चूक नव्हती गं, पोरी, हे नोर्लेलाच्या अगदी ओठांवर आलं. पण मागे फौझी उभा होता.

"सांभाळून जा हं," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.