पावण्याच्या नाक्यावरचा हुशार सिग्नल

प्रबंधासाठी मी आकडे गोळा करायला निघाले होते. आकड्यांपेक्षा किस्सेच अधिक जमले. त्यांना परिशिष्टात जागा नाही, म्हणून इथे सांगते.

विषय साधा होता. पावणे गावाच्या नाक्यावर कॅमेऱ्याने रांग पाहून हिरवा दिवा देणारा सिग्नल बसवला, तर गाड्या कमी वेळ खोळंबतील आणि धूर घटेल. परवानगी चाचणीपुरतीच होती. पाहणीला येणारे पालिकेचे साहेब नाराज झाले, तर सिग्नल उतरणार आणि माझा प्रबंध अर्धवट राहणार!

*

खांबावर हवा मोजणारी पांढरी पेटी होती. रोज सकाळी, रस्ता रिकामा असतानाच, तिचा आकडा उसळी घेई. कारण शोधायला गेले, तर शेजारचे चहावाले काका पेटीला मनोभावे धूप दाखवत होते.

"काका, ते यंत्र आहे!"

"असूंदे गो. दिवसभर धंद्यावर नजर ठेवून हाय ना?"

*

गावातली वरात निघाली. डीजेचा ट्रक सिग्नलपाशी थांबला. कॅमेऱ्याला वाटले, गाडी ताटकळली आहे. त्याने हिरवा दिला. ट्रक हलेना, म्हणून हिरवा आणखी लांबवला. आडव्या रस्त्यावर हॉर्नचा कल्लोळ!

नवरदेवाचे काका नाचतानाच ओरडले, "बगा, सिग्नल पन पोराकडचा हाय!"

त्या दिवसाचे आकडे मी गाळले. तळटीपेत कारण दिले: 'सामाजिक कार्यक्रम'.

*

नाक्यावरचे हवालदार म्हात्रेमामा. त्यांना विचारले, "नवा सिग्नल कसा वाटतो?"

"हुशार हाय. पन मॅडम, हुशाराचं हितं ऐकतो कोन?"

*

पाहणीच्या दिवशी मामांनी प्रत्येक ड्रायव्हरला बजावले, "वर कॅमेरा हाय. रेषेला चाक लागलं तर चलान!"

सगळ्यांनी धसका घेऊन गाड्या रेषेच्या बऱ्याच मागे उभ्या केल्या. कॅमेऱ्याला मात्र रेषेजवळचाच रस्ता दिसे, आणि तो रिकामा. रांग नाही, म्हणून हिरवा नाही! त्याच रांगेत साहेबांची गाडी.

"मामा, प्लीज, गाड्या पुढे घ्या!"

"साहेबासमोर? नोकरी घालवता का माझी?"

दिवा लालच. कंटाळून एकेकाने इंजिन बंद केले. नाका निःशब्द झाला.

साहेबांनी काच खाली केली, बाहेर डोकावून दीर्घ श्वास घेतला. माझा अडकलाच होता.

"धूर नाही, हॉर्न नाही!" ते म्हणाले. "हाच सिग्नल ऐरोलीच्या नाक्यावरही बसवा."