एक ताट कमी

उमाबाईंच्या हाताला बरकत आहे, असं जुन्या जालन्यात त्यांची सगळी आळी म्हणायची. मूठभर तुरीच्या डाळीत त्या पाच माणसांची आमटी करत आणि ती पातळ लागू नये म्हणून वरून लाल मिरचीची चरचरीत फोडणी देत. साबण लागायचा तो फक्त नरहररावांच्या कचेरीतल्या सदऱ्यांना. बाकीचे कपडे रिठ्यानं निघत. लुगडं विरलं की त्याचे पोरींसाठी परकर, परकर फाटले की पोतेरं. शेजारच्या सगुणाबाई विचारायच्या, "कसं भागवून राह्यलीस गं बाई एवढ्यात?" उमाबाई नुसत्या हसायच्या. आपल्याला जमतं याचा त्यांना जरासा अभिमानही होता.

नरहरराव तहसील कचेरीत कारकून होते. निजामाचं राज्य गेलं तरी नोकरी टिकली, पण पुढं निजामाचा हाली रुपया जाऊन भारत सरकारचा, जास्त किमतीचा कलदार रुपया आला आणि घराची घडी विस्कटली. पगार कलदारात मिळू लागला, तसा त्याचा आकडा खाली आला. दुकानदारांनी मात्र हालीतले भाव तेच कलदारात सांगायला सुरुवात केली. मग तेही वाढत गेले. ज्वारी चढली, गोडेतेल चढलं, गूळ चढला. उमाबाईंनी आधी रतिबाचं दूध बंद केलं. मग दुपारचा चहा गेला. मग संध्याकाळची आमटी गेली आणि भाकरीबरोबर तिखट-मीठ आलं. डोकं झाकावं तर पाय उघडे, अशी गत झाली.

थोरली तारा समंजस होती, मधला गजानन अभ्यासात. धाकट्या शरयूला मात्र भूक फार. पानातली भाकरी संपवून ती चुलीकडं बघत बसायची. "आई, अजून आहे का गं?" उमाबाई आपल्या वाटणीची तिला द्यायच्या आणि वर तांब्याभर पाणी प्यायच्या.

त्या दिवाळीत नरहररावांचे थोरले चुलतभाऊ बद्रीनाथ आणि त्यांची बायको द्वारकाबाई घनसावंगीहून आले. घरची शेती, कणग्या भरलेल्या, पण पोटी मूल नव्हतं. द्वारकाबाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी भांडी घासायला त्या उमाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या.

"उमा, शरयूला दे माझ्याकडं. एखादं वर्ष. स्वस्ताई झाली की घेऊन जा."

"लेकरू आहे ते जाऊबाई, भांडं न्हाई."

"भांडं मागायला मी घनसावंगीहून येईन का गं?" द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

उमाबाईंनी नवऱ्याला विचारलं. ते पायाच्या नखाकडं बघत म्हणाले, "घर तू चालवून राह्यलीस. तुला बराबर वाटंल ते कर." उमाबाईंना वाटलं, हे एकदा 'न्हाई' म्हणाले असते तर बरं झालं असतं. गजाननला पाठवायचा प्रश्नच नव्हता, मुलगा होता तो. तारा घरात हाताशी लागे. राहता राहिली शरयू. आणि निदान तिथं तिला पोटभर मिळेल, असं उमाबाईंनी स्वतःला समजावलं.

शरयू मोटारीत बसायला मिळणार म्हणून हरखून गेली होती. खिडकीतून हात हलवत गेली.

त्या महिन्याअखेरीस पहिल्यांदाच डब्यात ज्वारीचं पीठ उरलं. उमाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि चुलीपुढंच रडत बसल्या.

संक्रांतीला द्वारकाबाई पोरीला घेऊन आल्या. अंगानं भरली होती, नवा परकर-पोलका होता. उमाबाईंनी कुठून कुठून गूळ जमवून पोळ्या केल्या. शरयूनं अर्धीच खाल्ली आणि पान सरकवलं.

"का गं? तुला आवडते ना?"

"पुरे. मला आता भूक लागत न्हाई."

रात्री तारानं सांगितलं, "आई, ती जायच्या दिवशी गजानन तिला म्हणाला होता, तू लई खातेस म्हणून तुला धाडून राह्यले." उमाबाईंनी गजाननला काही बोलून घेतलं नाही. सकाळी शरयूची वेणी घालताना त्या म्हणाल्या, "बाळ, तू खातेस म्हणून न्हाई हं तुला पाठवलं."

"मंग कशाला पाठवलं?" पोरीनं मान न वळवता विचारलं.

उमाबाईंनी वेणीला रिबीन बांधली.

एखादं वर्ष म्हणता म्हणता दुसरं गेलं, तिसरं गेलं. स्वस्ताई काही आली नाही. दर हंगामाला उमाबाई बाजारात जाऊन ज्वारीचा भाव विचारायच्या आणि तशाच परतायच्या. पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला. नवे पैसे आले त्या साली नरहररावांचा पगार थोडा वाढला, ताराचं लग्नही उरकलं. उमाबाईंनी धुवट लुगडं नेसलं आणि एकट्याच घनसावंगीच्या मोटारीत बसल्या.

शरयू शाळेतून आली ती "आई, भूक लागली गं" असं ओरडतच. ओसरीवर उमाबाईंना पाहून थबकली आणि आनंदानं म्हणाली, "अगं बाई, जालन्याची आई आली!"

शरयूला परत न्यायला आलेय, असं उमाबाईंनी सांगितलं. द्वारकाबाई भाकरी थापत होत्या, त्यांचा हात परातीतच थांबला. "मी अडवणार न्हाई, उमा. तुझीच आहे. तिला विचार."

शरयू द्वारकाबाईंजवळ जाऊन उभी राहिली. मग पोक्त बाईसारखी म्हणाली, "मी आले तर हिला कोण आहे? आणि तुमचाही खर्चा वाढंल. गजाननचं शिक्षण व्हायचंय अजून." बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. पै-पै जोडणाऱ्या बाईचं शहाणपण होतं. ते पोरीनं कुणाकडून उचललं, हे उमाबाईंना सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं त्या परत आल्या. नरहररावांनी दारात विचारलं, "एकटीच आलीस?" त्या म्हणाल्या, "हो. तिची शाळा बुडंल."

शरयूचं लग्न घनसावंगीलाच झालं. कन्यादान बद्रीनाथ-द्वारकाबाईंनी केलं. उमाबाई चार दिवस आधी जाऊन मुदपाकात राबत होत्या. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?" द्वारकाबाई काही बोलणार, तोच उमाबाई म्हणाल्या, "मी चुलती. जालन्याची."

मागच्या अंगणात द्वारकाबाईंनी त्यांचा दंड धरला. "असं का बोललीस गं?"

"दोन आया सांगितल्या की लोक चार प्रश्न विचारतात, जाऊबाई. पोरीला सासरी नांदायचंय."

निघताना शरयू द्वारकाबाईंच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडली. मग उमाबाईंच्या पायाशी वाकली. उमाबाईंनी तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली, आणि पोरीचा पदर नीट केला. वऱ्हाडाची मोटार धूळ उडवत वाटूरच्या दिशेनं गेली.

द्वारकाबाई ओसरीवर बसून रडत होत्या. भोवती बायका जमल्या होत्या. लेक सासरी गेली की आईचं असंच होतं, सण आला की येईलच की, असं कुणी ना कुणी सांगत होतं. त्यांच्यात उमाबाईही होत्या. द्वारकाबाईंच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणत होत्या, "उगी, जाऊबाई, उगी." त्यांच्या स्वतःच्या पाठीवर हात ठेवावा, हे त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नाही.