सांडण्याची रंगीत तालीम

कोकणच्या किनाऱ्यावर देवाला, समुद्राला आणि सासूला घाबरणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. पण लिंबाला घाबरणारी बाई एकच पाहिली, आणि ती म्हणजे तुमची हरिहरेश्वरची आजी. अनय, सई, तुमची तिची ओळख फोनच्या पडद्यावरची. त्यातही तिचं कपाळ आणि वर फिरणारा पंखा एवढंच तुम्हाला दिसतं, कारण फोन धरायचा कसा हे तिला अजून पटलेलं नाही. तुम्ही सुट्टीत येणार हे नक्की झाल्यापासून मला एका जागी बसवत नाही. म्हणून गॅस बंद केला, खिडकी लावली, आणि माझ्या या विहीणबाईंची तुम्हाला नीट ओळख करून द्यायला बसले आहे.

सगळ्याचं मूळ फरशीत आहे. तुमच्या बाबांनी आईवडिलांना नवं घर बांधून दिलं आणि आत पांढरा संगमरवर घातला. रंग, चकाकी, सगळं त्यांनी कॅनडातून फोनवर निवडलं. सई, तू तेव्हा पाळण्यात होतीस. संगमरवराचा ट्रक येणार म्हणताच विहीणबाई एसटीने म्हसळ्यापर्यंत सामोऱ्या गेल्या आणि तिथून पुढे ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आल्या. प्रत्येक वळणावर म्हणे त्या मागे वळून "सावकाश हो" म्हणत होत्या. ड्रायव्हरला वाटलं त्याला सांगतायत. त्या सांगत होत्या लाद्यांना. फरशी बसली, घर दुधासारखं दिसायला लागलं, पण तुमच्या बाबांना काही यायला जमलं नाही. तेव्हापासून ती फरशी म्हणजे मुलाची ठेव. तो येईल तेव्हा जशी बसवली तशी त्याच्या पायाखाली द्यायची, एवढाच बाईंचा ध्यास.

आता संगमरवर हा दगड दिसायला राजा आणि तब्येतीने नाजूक. आंबट पडलं की त्याची चकाकी खाल्ली जाते. तो डाग नसतोच, जखम असते. कितीही धुतली तरी जात नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. आणि आपण राहतो कुठे? आमटीत कोकम, माशात चिंच, पोह्यांवर लिंबू, आणि देवाची पितळी भांडी घासायची तरी चिंचेनंच, अशा मुलखात! विहीणबाईंना हे कळलं त्या दिवशी घरातलं सगळं आंबट मागच्या पडवीत गेलं. लोणच्याची बरणी गेली, कोकमाच्या आगळाची बाटली गेली, आणि त्यांच्या मागोमाग आमचे व्याहीही गेले, कारण माशाच्या कालवणाशिवाय त्यांना जेवण जात नाही. ते आजही पडवीत बसून जेवतात. मी एकदा विचारलं, "इथे एकटे का बसलात?" तर म्हणाले, "मी आंबटात मोडतो."

त्यात मी एक आगाऊपणा केला. शाळेत प्रयोगशाळेत असतो तसला निळा लिटमस कागद माणगावच्या दुकानातून आणून त्यांना दिला. आंबटात बुडवला की लाल होतो, एवढंच सांगितलं. झालं! ती पुडी त्यांच्या कमरेला लागली ती कायमची. मी गेले की माझ्या पिशवीतल्या डब्यांची आधी कागदाने झडती. एकदा मी हौसेने सोलकढी करून नेली. बाईंनी कागद बुडवला आणि ओरडल्या, "लाल! लाल झाला!"

"अहो विहीणबाई, सोलकढी आंबटच असते."

"असते ना? मग बसवा तिला पडवीत, आमच्या ह्यांच्या शेजारी."

देवळात तीर्थ हातावर पडल्यावरही त्यांचा दुसरा हात कमरेकडे गेला होता, पण व्याह्यांनी तो वेळेवर धरला.

म्हसळ्याच्या एका दुकानात घडलेला प्रकार तर मी डोळ्यांनी पाहिला. दुकानदाराने मोठ्या झोकात एक हिरवी बाटली पुढे केली. "काकू, हे घ्या. एकदम नॅचरल हाय, लिंबाचा वास येतो, फरशी आरशासारखी होते." बाईंनी झाकणात थोडं ओतायला लावलं, कागद बुडवला, आणि तो लालभडक कागद दुकानदाराच्या नाकासमोर धरला.

"दादा, ही फरशी धुवायची की सोलायची?"

"काकू, नैसर्गिक हाय ते!"

"विंचू पण नैसर्गिकच हाय. घरात सोडू काय?"

मग त्यांनी एकेक बाटली उघडायला लावली. संडास धुवायचं अ‍ॅसिड फरशीच्या सामानाशेजारी ठेवलंय म्हणून मांडणी बदलायला लावली. खरखरीत पावडर चिमटीत चोळून पाहिली आणि "ही वाळूची बहीण" म्हणून परत ठेवली. शेवटी घेतलं काय, तर भांड्यांच्या साबणाची सगळ्यात सौम्य, साधी बाटली. बादलीभर कोमट पाण्यात त्याचे चार थेंब, मऊ फडकं, मग स्वच्छ पाणी, मग कोरडं फडकं. एवढंच त्या फरशीला चालतं, असा त्यांचा निकाल आहे आणि तो बरोबर आहे. तुमच्या आईला सांगा, तिच्या नव्या संगमरवरी ओट्यालाही हेच करावं. बाटलीवरच्या चित्राला भुलू नये, मागची बारीक अक्षरं वाचावीत, आणि आधी कोपऱ्यात लावून पाहावं.

बाईंकडे लावून पाहायचा कोपरा म्हणजे एक अख्खी लादी आहे. फरशी बसवताना उरलेली ही लादी मागच्या दारी जास्वंदीखाली ठेवलेली असते. तिचं नाव परीक्षेची लादी. तिच्यावर बिचारीवर सगळं झालंय: चहा, हळद, तेल, कोकम, बाजारातलं प्रत्येक औषध. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या ती लग्नाचा अल्बम दाखवावा तशी दाखवतात. "ही हळद होती, उन्हात आपोआप फिकी झाली. इथं तेल होतं, खायच्या सोड्याचा लेप थापला, सकाळी बरंच ओढलं. आणि हे लिंबू," इथे आवाज खाली येतो, "हे न्हाय गेलं." काही सांडलं तर पुसायचं नाही, टिपायचं, हा त्यांचा मंत्र. पुसलं की पसरतं. तुमची आई मध्यंतरी एकटीच येऊन परत कॅनडाला निघाली तेव्हा विमानतळावर मी पदराने डोळे चोळत होते, तर या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "टिपा विहीणबाई, चोळू नका." मला तेवढ्यात हसू फुटलं.

घरात शिरायचं म्हणजे तर एक विधीच आहे. किनाऱ्यावरची वाळू दगडाला ओरखडे पाडते म्हणून पायरीवर पाय धुवा, काथ्याच्या पायपुसण्यावर घासा, पंच्याने टिपा, आणि मग आत अंथरलेल्या गोणपाटांवरूनच चाला. मासे घेऊन येणारी कोळीण तर पाटी खाली ठेवायच्या आधीच ओरडते, "काय गो बाय, आज तुजे घरान चालत येऊ का उडत येऊ?" आम्ही सगळे हसायचो. तुम्हालाही फोनवर या गमती मीच सांगत होते.

आणि एक दिवस त्या गमती उलटल्या. विहीणबाई डोळे दाखवायला माणगावला आल्या होत्या आणि माझ्याकडे चहा घेत बसल्या होत्या. तेवढ्यात तुमचा फोन आला. सुट्टीत कुठे राहायचं हे चाललं होतं. अनय, तू मोठ्यांदा म्हणालास, "आपण माणगावच्या आजीकडेच राहू या. त्या आजीच्या घरात काही सांडलं तर?" आणि सई मागून म्हणाली, "मी तर रोजच सांडते."

तुमची काही चूक नव्हती, बाळांनो. ती समोरच बसली आहे हे तुम्हाला कुठून दिसणार? माझ्याच घरी राहणार म्हणून मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मी पाहिलं, बाईंनी हातातला कप बशीत इतका अलगद ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही. मग म्हणाल्या, "माझी गाडी निघेल." गाडीला भरपूर वेळ होता.

चार दिवस गेले. मग त्यांचे फोन सुरू झाले. "विहीणबाई, तो लाल सॉस पोरं कशाकशाशी खातात हो?" मी सांगितलं. पुन्हा फोन. "संत्र्याचा रस पितात?" "काळं कोला पितात?" "चित्रं काढतात ती कसल्या पेनांनी?" मला वाटलं, झालं, आता पडवीत हाकलायच्या वस्तू ठरतायत. पोरं पडवीत जेवणार की काय! मी तशीच उठले, दोन शब्द सुनवायचेच असं ठरवून एसटीत बसले, आणि काय काय बोलायचं ते म्हसळ्यापर्यंत मनात क्रमाने लावून ठेवलं.

जाऊन पाहते तो दोघं नवराबायको जास्वंदीखाली उकिडवे बसलेले. परीक्षेच्या लादीवर सॉस, जॅम, कोला, संत्र्याचा रस यांची रांग, आणि व्याही हातातल्या घड्याळाकडे बघतायत.

"अगदी वेळेवर आलात!" विहीणबाई उठल्याच. डोळे कसे चमकत होते! "सॉस लगेच टिपला ना, तर काय पण होत न्हाय! जॅम तर गरीब. स्केचपेनाला कापसावर थोडं स्पिरिट. कोला तेवढा वाईट, आणि संत्रं."

"म्हणजे कोला आणि संत्रं बंद?" मी विचारलं.

"बंद कशाला? पिऊ देत की. मला फक्त आधी ठाऊक पायजे, काय निघतं आणि काय न्हाय. न्हायतर ऐन वेळी तोंडातून जाईल काहीतरी. पोरांना परत बोलवायचं कुठून?"

माझं क्रमाने लावलेलं भाषण सगळं सांडून गेलं.

"तोंडाची पण तालीम हाय," व्याही म्हणाले. त्यांचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. "रोज मी घरात बसून काहीतरी सांडायचं आणि हिनं हसायचं. चहा सांडला, हसली. ताक सांडलं, हसली. काल कोकमाचं सरबत सांडलं."

"मग?"

"हसली की! मग मोरीत जाऊन अर्धा तास बादल्या घासत बसली."

आत गेले तर गोणपाटं नव्हती. पांढरी फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी, आणि खिडकीजवळ पेल्याच्या बुडाएवढं एक पुसट वर्तुळ. ते आता जाणार नाही. बाईंनी मला नेमकं तिथेच बसवलं, आणि पेला काठोकाठ भरून सरबत हातात दिलं. कमरेची पुडी दिसली नाही. समोर मांडी घालून त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"सांडा हो थोडं," त्या म्हणाल्या. "ह्यांची सवय झालीय मला. परक्या हातानं सांडलं तर जमतं का बघू या."

मी पेला थोडा कलता केला. खरंच केला. त्या हसण्याच्या तयारीत होत्या, ओठ हलायलाही लागले होते, पण डोळे भरून आलेले. मी पेला सरळ केला आणि एका दमात पिऊन टाकला.

"टिपा विहीणबाई," मी म्हटलं, "चोळू नका."

मला काही ते जमलं नाही, बाळांनो. ते आता तुम्हीच येऊन करायचं आहे.