न धावलेला टायर

माझ्या मामांच्या पायांतलं बळ लहानपणीच पोलिओने गेलं. त्यांच्या जुन्या, चिमुकल्या गाडीचा ब्रेक, क्लच, सगळं एका मिस्त्रीने हाताशी आणून दिलं होतं. तो मिस्त्री आता नाही, आणि त्या मापाचे टायरही बनायचे बंद झाले आहेत.

सांगलीतली चार दुकानं फिरल्यावर पाचव्या दुकानदाराने माळ्यावरून एक टायर काढला. नेमका त्याच मापाचा, अगदी कोरा. मामांचा चेहरा उजळला. दुकानदाराने अंगठ्याने टायरची कड दाबली, तशा बारीक भेगा उघडल्या.

"काका, रबर वाळलंय. लावू नका, रस्त्यात फुटेल."

एकदाही रस्ता न पाहता तो टायर म्हातारा झाला होता. नुसतं जपून ठेवल्याने काही टिकत नाही, एवढं मला कळलं. पण त्या कळण्याने मामांची गाडी हलणार नव्हती.

"गाडी राहू द्या, मामा," मी म्हणालो. "कुठे जायचं असेल तेव्हा फोन करा. मी नेईन."

मामा त्या भेगांवरून बोट फिरवत राहिले.

"नेशील रे. पण दर वेळी कुठे जायचं, कशाला जायचं, ते तुला सांगावं लागेल."