दोन रस्त्यांवरची इमारत

आत्या रोज एक थांबा आधी उतरायची. उरलेलं अंतर चालत जायची, तेही बँकेच्या कर्जदारांच्या दुकानांवरून. बेकरीची भट्टी पेटलीय का, छापखान्यातून आवाज येतोय का, एवढंच पाहायची. आत कधी जायची नाही.

तिच्या छोट्या बँकेत जोखीम सांभाळणं हे तिचं काम. दर तिमाहीला ती प्रत्येक कर्जापुढे एक आकडा मांडायची: यातले किती पैसे बुडू शकतात. तेवढे नफ्यातून आधीच बाजूला काढायचे. ही तरतूद. कर्ज बुडालं तरी ठेवीदारांना झळ लागू नये म्हणून नियमच तसा. सहकाऱ्यांनी तिचं नाव 'धास्ती' ठेवलं होतं. रोखपाल म्हणायचा, "एवढं ऊन पडलंय मॅडम, छत्रीची तरतूद कशाला?" आत्या छत्री खुंटीला अडकवायची.

निवृत्तीला चार महिने उरले असताना एका लाँड्रीचा हप्ता नव्वद दिवस थकला. आता ते कर्ज अडचणीतलं धरायचं. तारणाची इमारत भक्कम होती, म्हणजे तरतूद थोडीच लागली असती. तरी आत्या त्या दिवशी पहिल्यांदा आत गेली.

लाँड्रीवाला ओशाळला. "दोन मशिनं बंद पडलीत मॅडम. या ना, दाखवतो."

वाळत घातलेल्या चादरींमधून तो तिला मागे घेऊन गेला. साबणाचा वास विरला, लाकडाच्या भुश्शाचा वास आला, आणि पलीकडच्या दाराशी रंधा मारणारा सुतार थबकला.

"मॅडम? तुम्ही इकडून कशा?"

"हा माझा थोरला भाऊ," लाँड्रीवाला म्हणाला.

सुताराचं कर्जही आत्याच्याच बँकेचं. त्याचं तारण मागच्या रस्त्यावरची इमारत. आत्या त्या रस्त्यावर उतरून वर पाहत राहिली. पत्ते दोन, फायली दोन, इमारत मात्र एकच. किंमत ठरवणाऱ्याने दोन्ही वेळा ती अख्खी मोजली होती, आणि दोन्ही कागदांवर सही आत्याची होती.

व्यवस्थापकांनी केबिनचं दार लावून घेतलं. "तपासणी पंधरा दिवसांवर आलीय. आपणहून कशाला उकरून काढताय? तुम्ही घरी बसेपर्यंत कुणाच्या लक्षातही यायचं नाही."

"साहेब, इमारतीला दारं दोन आहेत. विकली तर पैसे एकदाच येतील."

"आणि तुमचं निवृत्तिवेतन अडकलं तर?"

तो विचार आत्याने रात्रभर केला होता. तिने कागद पुढे सरकवला. "चूक माझी आहे. माझ्याच अक्षरात लिहिलीय."

तरतूद चौपट झाली. नफा निम्म्यावर आला, सगळ्यांचा बोनस गेला. रोखपालाने थट्टा करणं सोडलं, ते तिला जास्त लागलं. घरी ती घास हातात धरून बसायची. बाबा म्हणायचे, "ताई, जेव ना आता."

तपासनीस बाई तिच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या. त्यांनी दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या.

"हे सापडलं कसं तुम्हाला? गेल्या तपासणीत आम्हालाही दिसलं नव्हतं."

"आतून चालत गेले म्हणून."

बाई किंचित हसल्या आणि आकड्यांकडे वळल्या. दुपारपर्यंत त्यांनी सगळा हिशोब पुन्हा मांडला. एवढी तरतूद करूनही बँकेचं भांडवल ठरलेल्या मर्यादेच्या वरच राहत होतं. ठेवी शाबूत होत्या. बँकेवर कुठलेही निर्बंध आले नाहीत. आत्याला बँकेने एक लेखी समज दिली आणि प्रकरण मिटवलं. निवृत्तिवेतनाला धक्का लागला नाही.

जिन्यात रोखपाल उभा होता. "सुटलो बुवा, मॅडम," तो म्हणाला आणि तिची पिशवी घेऊन खालपर्यंत आला.

संध्याकाळी आत्याने दोनदा वाढून घेतलं. ताट उचलून ठेवलं, हात पुसले, आणि दिवेलागणीलाच अंथरूण घातलं.

"उद्या मला उठवू नकोस गं," ती मला म्हणाली. "सुट्टी टाकलीय."