झाडाला सांगायचं राहिलं

भवानी पेठेत कुणाच्या दारचं झाड छाटायचं निघालं की चनमल्लप्पाला बोलावणं जातं. पन्नाशी उलटली तरी गडी लिंबावर असा चढतो की खाली उभ्या राहणाऱ्यानेच डोळे झाकून घ्यावेत. बोलण्यात मात्र महाकंजूष. चार शब्दांचं काम दोनात उरकणार, आणि बायको चंद्रव्वा शेजारी असली तर तेही तिच्यावर ढकलणार.

त्याची एक रीत आहे, बापाकडून आलेली. ज्या झाडावर कोयता चालवायचा, त्याच्याकडे आदल्या संध्याकाळी जायचं, बुंध्याला विभूती लावायची आणि सांगायचं, "उद्या येतो. ज्यांचं घर हाय त्यांनी सावध व्हा." मग दिवेलागणीपर्यंत तिथंच टेकून बसायचं. लोक हसतात. पण तेवढ्यात कोणता पक्षी कुठं परतला, कोणत्या ढोलीत काय शिरलं, हे सगळं नजरेखालून जातं.

चंद्रव्वा पूर्वी त्याच्याबरोबर कामावर यायची. मागे मोहोळजवळच्या एका बांधावर तिला गांधीलमाशी डसली, गळा सुजला, श्वास कोंडला. कशीबशी वाचली. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा डसली तर जिवावर बेतेल. तेव्हापासून, कापलेली फांदी एकदम कोसळू नये म्हणून बांधलेला दोर खालून तिचा भाऊ गुंडा धरायचा.

त्या दिवशी गुंडा अक्कलकोटला गेला होता आणि नेमका देवयानीबाईंचा फोन आला. बाई शिक्षिका. मुलीच्या लग्नाचा मांडव घालायचा, लिंबाची फांदी आड येतेय, मांडववाला खोळंबून उभा आहे, आत्ताच या. चनमल्लप्पा हो म्हणून बसला.

"झाडाला सांगितलं न्हाय की," चंद्रव्वा म्हणाली. "उद्या जावा."

"एकच फांदी हाय. तू नुसता दोर धर."

ती पदर खोचून निघाली. 'अति घाई संकटात नेई' ही पाटी त्याने पुणे रस्त्यावर शंभरदा वाचली असेल, पण ती गाडीवाल्यांसाठी आहे अशी त्याची समजूत. बुंध्याजवळ पोचल्यावर त्याने एकदा वर पाहिलं, पोळं दिसलं नाही, आणि तो चढला.

फांदी दोराने बांधून त्याने दोर वरच्या बेचक्यातून खाली सोडला. चंद्रव्वाने बुंध्याला एक वेढा देऊन टोक हाताला गुंडाळलं. फांदी त्याच्या डोक्यावर होती. कुऱ्हाडीचे घाव बसू लागले, त्यांचे हादरे बुंध्यातून खाली गेले. कडाड् करून फांदी सुटली, दोरावर लोंबकळली, आणि त्याच वेळी खालून भणभण ऐकू आली. चंद्रव्वाच्या खांद्याशेजारच्या ढोलीतून गांधीलमाशा उसळून बाहेर पडत होत्या.

"सोड! पळ!" तो ओरडला.

तिने मान वर केली. फांदी अजून त्याच्या डोक्यावरच होती. दोर सोडला असता तर ती नवऱ्याला घेऊनच खाली आली असती. माशा मानेवर, कानामागे बसत होत्या आणि चंद्रव्वा डोळे मिटून दोर ओढून धरत होती. तो कसाबसा पलीकडच्या अंगाने घसरत उतरला. तोवर ती बुंध्याशी खाली बसली होती, तरी दोर ताणलेलाच. त्याने शेजारी पडलेलं गोणपाट तिच्यावर टाकलं, कोयत्याने दोर तोडला आणि तिला उचलून तो बाजूला पळाला. फांदी मांडवाच्या बांबूंवर कोसळली.

रिक्षात तिचे ओठ काळेनिळे पडले. त्यालाही माशा डसल्या होत्या, पण त्याचं त्याला भानच नव्हतं. तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईल की नाही याची धास्ती. आपणच हिला त्या झाडाखाली नेलं, हा विचार त्याची पाठ सोडत नव्हता.

दवाखान्यात दंडात इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. सलाईनची सुई हाताच्या पाठीवर टोचायची होती, पण तिथं तुटक्या दोराचा वेढा, आणि त्याचं टोक घट्ट आवळलेल्या मुठीत. शुद्ध हरपली होती. सिस्टरने बोटं उलगडायला पाहिलं, जमेना.

चनमल्लप्पा तिच्या कानाशी वाकला. घरी दोघं कानडीतच बोलायचे.

"चंद्री, ना केळग अदीनि," तो म्हणाला. मी खाली आलोय गं. "बिडु." सोड आता.

श्वासाची शिट्टी चालूच होती, तिची बोटं मात्र एकेक करून सैल झाली.