आधी घरच्यांनी बोलायचं

"आधी घरच्यांनी बोलायचं," असं म्हणून मॅडम डोळे मिटून बसायच्या. मूल बाजूला खेळत असायचं, त्याच्याकडे ढुंकूनही पाहायच्या नाहीत. ज्याच्यासाठी सगळी वरात बोरिवलीपर्यंत आली त्याला सोडून या आपल्यालाच बोलायला लावताहेत म्हटल्यावर आईबाप गडबडायचे. काय बोलू, असं विचारलं की म्हणायच्या, सकाळपासून काय केलंत ते सांगा. मग एखादा बाप बिचारा दूध उतू गेल्यापासून सुरुवात करायचा.

मी त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायचे. भेटीच्या वेळा देणं, फोन घेणं, आणि रडणारी पोरं नि त्यांच्याहून जास्त घाबरलेले पालक सांभाळणं हे माझं काम. दारावरच्या पाटीवर वाचा-उपचारतज्ज्ञ असं लिहिलेलं होतं, पण बिल्डिंगमधली माणसं 'बोबड्यांच्या मॅडम' म्हणायची. मॅडमना त्याचं काही वाटायचं नाही. स्वभाव म्हणाल तर तिखट. पोरांना चॉकलेट देणार नाहीत, गालगुच्चा घेणार नाहीत. तरी पोरं त्यांच्याकडे आनंदाने यायची, कारण त्या मुलांच्या बोलण्यावर कधी हसायच्या नाहीत. तुम्हीही पाहिलं असेल, पाहुणे आले की बोबड्या मुलाला पुढे करतात, "काकांना हाक मार" म्हणतात, आणि त्याने "ताता" म्हटलं की सगळं घर हसतं. मॅडमना या खेळाचा भयंकर राग होता.

"चूक नाही, नियम आहे," हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. बँकेतले एक साहेब मुलाला घेऊन आले होते. येता-जाता "क म्हण, क" असे त्याच्या मागे लागलेले, आणि तो बापडा प्रत्येक वेळी मनापासून "त" म्हणायचा. मॅडमनी साहेबांनाच कामाला लावलं. क म्हणा, जीभ मागे उठते ना? आता त म्हणा, पुढे दातांना लागते ना? तुमच्या मुलाची जीभ अजून मागे उठत नाही, म्हणून तो काम पुढे भागवतो. काकांचे ताता होतात, पण गायीची ताय होत नाही, दाय होते. कारण ग म्हणताना घसा आधीपासून गुणगुणतो, तसा द म्हणतानाही गुणगुणतो, आणि ते त्याने बरोबर सांभाळलंय. सगळं समजावून झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा शिस्तीचा आहे तो." साहेब गळ्यावर हात ठेवून ग, द, ग, द करत जिना उतरले.

माणसांचं बोलणं ऐकायचा त्यांना नादच होता. खाली वडापाव घ्यायला गेलो की त्या वडेवाल्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. त्याला वाटायचं, दातात काही अडकलंय. कणकवलीहून भावाचा फोन आला की मात्र स्वतः चक्क मालवणीत सुरू व्हायच्या, "काय रे, जेवलस काय?" आणि फोन ठेवून त्याच दमात आत बसलेल्या पालकांशी पुस्तकी मराठीत. मला तो बदल बघायला फार आवडायचा.

एकदा खाडीपलीकडच्या गोराईहून तिघीजणी आल्या. साडेचार वर्षांची मुलगी, तिची आई आणि आजी. आजी कोळीण, बोरिवलीच्या बाजारात मासळी विकायची. आई एका लॅबमध्ये कामाला, म्हणून मुलगी दिवसभर आजीच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. ती हल्ली शाळेत तोंडच उघडत नव्हती. पोरं तिला हसली होती आणि टीचरनी बोलण्यात दोष आहे असं कळवलं होतं.

नेहमीप्रमाणे मॅडमनी आजीला बोलायला सांगितलं. आजीने मान हलवली आणि सुनेकडे बोट केलं. मॅडमनी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मी पाणी द्यायला आत गेले होते, मला वाटलं, आजीला ऐकू येत नसावं.

शेवटी सुनेने सांगितलं. शाळेतून निरोप आला होता की घरात गावठी बोलू नका, मुलीची भाषा बिघडते. तिने तो सासूला सांगितला, आणि दिवाळीपासून सासू नातीशी बोलायचीच बंद झाली. जेवायला हवं का, ते हाताच्या खुणेने. झोपायला चल, तेही खुणेने. कोणी तिला इतकं करायला सांगितलं नव्हतं. आपल्या तोंडाने पोरीचं नुकसान नको, असं तिने स्वतःच ठरवलं होतं.

मॅडमनी डोळे उघडले. मग आजीकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "आज बाजारात काय आलं होतं?"

आजीने सुनेकडे पाहिलं. मग आजी पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "होरी उशिरा आयली. बोंबील गावलं नि मांदेली."

कोपऱ्यात पाठ करून बसलेली मुलगी उठली, आजीच्या गुडघ्याला येऊन चिकटली आणि म्हणाली, "आनि तोलंबी?"

कोळंबी म्हणायचं होतं तिला. आजीने पोरीला पोटाशी धरलं आणि रडायला लागली. मॅडमनी सुनेला समजावलं. क चा त करते ती हिची स्वतःची सवय, ती काढणं माझं काम. बाकी ण चा न, ळ चा ल, होडीची होरी, हे सगळं आजीचं. यातलं फक्त एक माझं गिऱ्हाईक आहे, उरलेली तुमच्या घरची माणसं आहेत. आजीने रोज पोरीशी बोलायचं, खाडी ओलांडताना बोटीत तर बोलायचंच. ते होणार नसेल तर माझ्याकडे आणू नका.

क यायला तीनेक महिने गेले. पोरीला मान मागे टाकून पाण्याच्या गुळण्या करायला लावायच्या, आईस्क्रीमच्या काडीने जिभेचा शेंडा हलकेच दाबून धरायच्या. आधी नुसता खाकरल्यासारखा आवाज, मग कधीतरी तुटका क, आणि एका शनिवारी "काकी" अशी खणखणीत हाक. बाहेर बसलेल्या मला वाटलं, मलाच हाक मारली. तशी ती मलाच मारली होती.

त्याच दिवशी आईने विचारलं, आता ळ पण करून द्याल का? मॅडमनी साफ नाही म्हटलं. आई चिडली. तिचंही चुकत नव्हतं, वर्गात तिची मुलगी बसणार होती, मॅडम नव्हत्या बसणार. मॅडम म्हणाल्या, शाळेतलं बोलणं ती शाळेत शिकेल, पोरांना दोन्ही जमतं. आई धुसफुसतच गेली.

त्या गेल्यावर मॅडम बराच वेळ पोरांना जीभ दाखवायचा आरसा पुसत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझी आई शाळेच्या मीटिंगला येऊन गप्प बसायची. मीच सांगितलं होतं तिला, तोंड उघडू नको." मी चहा ठेवला.

मागच्या वर्षी मॅडम गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या. दवाखान्याच्या जागी आता नखं रंगवायचं दुकान आहे. मला त्यांची आठवण येते, आणि राग येतो की इतक्या लवकर कशाला जायचं.

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. मीच फोन केले होते, गोराईलाही केला. डॉक्टर मंडळी छान बोलली, निम्मं इंग्रजीत. आणखी कोणाला बोलायचंय का, असं विचारल्यावर शेवटच्या रांगेतून आजी उठली. सून शेजारीच होती, तिने सासूची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. आजी माईकपर्यंत गेलीच नाही, जागेवरूनच बोलली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"मना भाशन येत नाय. माजी नात माज्याशी बोलते, ते या बायच्यामुलं. तवरंच."

आणि खाली बसली. नात आता मोठी झालीय, जवळजवळ आजीच्या उंचीची. तिने आजीच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं, आजीने उत्तर दिलं, तिने पुन्हा काही विचारलं. माईकजवळच्या गृहस्थांनी दोनदा घसा खाकरला. त्या दोघींचं बोलणं चालूच होतं.